अर्ध्या गोळीचे डॉक्टर

डॉक्टर, गेल्या खेपेला तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी तोंड उघडायच्या आत काकू चहा घेऊन आल्या. तुमच्या कपात साखर नव्हती. त्यावरून तुमचं नि काकूंचं जुंपलं, तोवर माझी धाराशिवची गाडी निघायची वेळ झाली, आणि "पुढच्या खेपेला सांगते" म्हणून मी पिशवी उचलली. पुढची खेप परवाची. परवा मी आले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलेलं होतं.

प्रश्न तसा साधा होता. "सुमन, गयाबाईंना तेव्हा मी ती गोळी द्यायला नको होती का गं?"

गयाबाई म्हणजे माझी आई. तेव्हा म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात. आणि ती गोळी म्हणजे स्टेरॉइडची. पांढरी, चपटी, कडू जहर. दुखावलेल्या सांध्याची सूज उतरवणारी. एवढ्याशा गोळीवरून आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायचे, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही म्हणायचात, तुला काय कळतं, तू मास्तरीण आहेस. रोग्यानं म्हणायचं डॉक्टरचं चुकलं आणि डॉक्टरनं म्हणायचं नाही चुकलं, ही जगाची रीत. आपलं सगळं उफराटं. आणि शेवटी तुम्ही मला पहिल्यांदाच सरळ विचारलंत, तेव्हा मी गाडीच्या घाईत होते.

आज उत्तर लिहायला बसले आहे. उशीर झाला हे मला कळतं. पण तुमचंच म्हणणं होतं ना, उशिरा का होईना, औषध पुरं घ्यावं.

त्या वर्षी तेरणेच्या पात्रात शेळ्या बसून असायच्या. पाणी नव्हतं, पण वाळूत जरासा गारवा होता. तेरमधली झाडून सगळी माणसं ढोकीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. आम्ही बौद्धवाड्यातले, आम्हाला कष्टाचं काम नवं नव्हतं. नवं एवढंच होतं की ज्यांच्या विहिरीवर आई लांब उभी राहून पाणी मागायची, त्या घरच्या सासवा-सुनाही हातोडी घेऊन आमच्या रांगेत बसल्या होत्या. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. डी.एड.ला जायचं मनात होतं, आणि आईनं ते स्वतःच्या मनात माझ्याहून घट्ट धरलं होतं. तिचा हात चालला तर मी शिकणार होते. तिचा हात थांबला तर तिच्या जागी मी कायमची खडीवर बसणार होते. वडील नव्हते, त्यामुळं तिसरा रस्ता नव्हता.

आणि तिचा हात थांबला. डोक्यावर घेताना दगडांची पाटी कलली, आई सावरायला गेली आणि उजवा खांदा असा लचकला की तो हात छातीच्या वर जाईना. काम टोळीचं, आणि टोळीचं काम मापावर. एकीचा हात थांबला की सगळ्यांचा ढीग कमी भरायचा. म्हणून आईनं कुणाला कळू दिलं नाही. डाव्या हातानं हातोडी चालवत राहिली. सकाळी तिचा बुचडा तेवढा मी बांधून द्यायची.

तुम्ही सायकलीवर यायचात. कुणाच्या डोळ्यात दगडाची चीप उडालेली असायची, कुणाचं बोट ठेचलेलं. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. तुमच्या दवाखान्यात त्या वर्षी कुणी येईना, म्हणून तुम्हीच दवाखाना पिशवीत घालून यायचात. त्या दिवशी तुम्ही आमच्या टोळीजवळ सायकल टेकवलीत आणि आईच्या पाठीमागं उभे राहून म्हणालात,

"गयाबाई, हा बुचडा कुणी बांधला?"

आई दचकली. "पोरीनं. का वं?"

"तिरपा झालाय. बाई स्वतःचा स्वतः बांधते तेव्हा असा होत नाही. सोडा आणि पुन्हा बांधा बघू."

टोळीत एकदम हातोड्या थांबल्या. परका पुरुष भर रस्त्यावर बाईमाणसाला केस सोड म्हणतो! "अगं बया, ह्या डागदराला काय झालं?" असं कुणीतरी म्हणालं आणि तुमचे कान लाल झाले. मला आज कळतं की तुम्ही ती युक्ती कुठल्या पुस्तकात वाचली नसणार. दुखतंय का म्हणून विचारलं असतं तर त्या वर्षी एकही बाई व्हय म्हणाली नसती. म्हणून तुम्ही तोंडाला विचारायचं सोडून बुचड्याला विचारलंत.

आईनं रागारागानं केस सोडले. डावा हात वर गेला. उजवा कानापाशीही पोचला नाही. ती तशीच, एक हात वर धरून, बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही खाली उकिडवे बसलात. विश्रांती घ्यावी लागेल म्हणालात.

"इसावा घिऊन घरी बसू?" आई म्हणाली. "घरी काय हाय, डागदर? चूल हाय, तीबी इसाव्यालाच बसलीया."

तुम्ही पिशवी उघडून आत बघत राहिलात. मग म्हणालात, एक गोळी आहे. चांगली आहे, पण सरळ नाही. उपाशीपोटी घेतली तर पोट जाळते. आणि भूक वाढवते.

त्यावर आई अशी हसली की सगळी टोळी हसली. "अजून वाढती? आमच्याकडं दुसरं हाय काय? भूकच तर हाय!"

सगळे हसत होते, तुम्ही हसला नाहीत. दुष्काळात भूक वाढवणारी गोळी द्यायची हे तुमच्या जिवावर आलं होतं. तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, हा माणूस गोळी आहे म्हणतो आणि देत का नाही?

शेवटी तुम्ही दिलीत, पण आईच्या हातात नाही. दुपारी सुकडी वाटून झाली, आईच्या पोटात ती गेली, की तुम्ही सायकलीवरून उतरायचात, कागदाच्या पुडीतून गोळी काढायचात आणि समोर उभे राहून गिळायला लावायचात. रोज. आणि पहिल्याच दिवशी बजावलंत की बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. "बारवेत उतरताना उडी मारता का, गयाबाई? पायरी पायरीनं उतरता ना? ही गोळी तशी उतरायची. पुरी, मग अर्धी, मग पाव." त्यासाठी दाढीच्या ब्लेडनं तुम्ही गोळ्या कापायचात. गावाला सुईवाले डॉक्टर माहीत होते, सलाईनवाले माहीत होते. कापून गोळी देणारा पहिल्यांदाच पाहिला. "अर्ध्या गोळीचा डागदर" हे नाव तुम्हाला तिथंच, खडीच्या ढिगावर पडलं. अर्ध्या गोळीत पुरा माणूस कसा बरा व्हणार, असं लोक विचारायचे, आणि मला वाटतं तुम्हालाही ते ऐकू यायचं.

आठवडा उलटत आला तरी आईचा हात काही वर जाईना. तुम्ही बुचकळ्यात पडलात. मात्र आमच्या शेजारी बसणारी राहीबाई, धनगराची, जिचं कोपर आईच्या खांद्याहून जरा कमीच बिघडलेलं होतं आणि जिला तुम्ही कधी तपासलंही नव्हतं, ती खाडखाड दगड फोडायला लागली होती. तुम्ही एकदा आईकडं बघितलंत, एकदा राहीबाईकडं, आणि सावकाश म्हणालात,

"गंमत आहे. गोळी गयाबाईंना आणि गुण राहीबाईला."

दोघी खाली बघायला लागल्या.

"गयाबाई, जीभ दाखवा."

गोळी जिभेखाली होती. त्याआधीच्या सगळ्या दिवशीही होती. तुमची पाठ फिरली की आई ती पदरात काढायची, नखानं दोन तुकडे करायची, आणि एक स्वतः खाऊन दुसरा पदराच्या गाठीत बांधून राहीबाईला द्यायची. टोळीत ढीग मिळून भरायचा, मजुरी वाटून घ्यायची, मग गोळीच तेवढी एकटीनं कशी खायची? तिला त्यात चोरी वाटली नव्हती. एकटीनं खाल्ली असती तर वाटली असती.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीनं थक्क झाले होते. राहीबाई आमच्या मडक्यातलं पाणी प्यायची नाही. तिचा तांब्या वेगळा, तिची सावली वेगळी. आणि माझ्या आईच्या जिभेखालून निघालेला ओला तुकडा ती खात होती. मी ते तिथल्या तिथं बोलून दाखवलं, तोंड माझं तेव्हाही असंच होतं. राहीबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "दुखण्याला कसली आलीया जात, पोरी?" तुम्ही चटकन म्हणालात, "मग तहानेला कशी आली, राहीबाई?" तिनं पुढचा दगड ओढून घेतला. तुम्हीही विषय तिथंच सोडलात आणि तिचं कोपर तपासायला घेतलंत.

त्या दिवसापासून दोघींना वेगवेगळी गोळी आणि दोघींना रोज भर उन्हात जीभ दाखवायची शिक्षा. वाटून खाल्ली तर दोघी अर्ध्याच बऱ्या होणार, असं तुम्ही समजावलंत. मुकादम हसायचा, पोरंसोरं "जीभ दाखवा, जीभ दाखवा" असा खेळ खेळायची. आणि एका सकाळी मी फणी घेऊन आईमागं बसले, तर तिनं माझा हात बाजूला केला आणि दोन्ही हात वर घेऊन बुचडा आपला आपण बांधला. त्यानंतर तुम्ही गोळी अर्धी केलीत, पाव केलीत, बंद केलीत. मी डी.एड.ला गेले. पुढं जळकोटच्या शाळेत लागले. मी आज जे काही आहे त्याची सुरुवात त्या बुचड्यापासून होते, डॉक्टर, आणि हे मी तुम्हाला कधी या शब्दांत सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, गोष्ट इथंच थांबवतेस का? पुढचं सांग. सांगते.

पुढं पाऊस चांगला झाला. साखर कारखाना उभा राहिला, सभासदांची शेतं हिरवी झाली, आणि आई उसाच्या खुरपणीला, बांधणीला जायला लागली. खांद्यानं पुन्हा डोकं वर काढलं. ती सरळ तुमच्याकडं आली. "डागदर, ती पांढरी गोळी द्या." तुम्ही तपासलंत आणि नाही म्हणालात.

"तेव्हा खांदा नवा दुखावला होता, गयाबाई. सूज होती, ती उतरवली. आता तो झिजलाय. आता गोळी नुसतं दुखणं झाकेल आणि तुम्ही झाकल्या दुखण्यावर ओझी उचलाल."

मग तुम्ही तिला गरम वाळूची पुरचुंडी शेकायला सांगितलीत आणि भिंतीवर बोटांनी वर वर चढत जायला शिकवलंत, रोज थोडं थोडं. आई घरी येऊन म्हणाली, "भित्ताडावर बोटं नाचवून खांदा बरा व्हतोय म्हनं! म्हातारा झाला डागदर."

तेव्हा बाजारच्या दिवशी पाराजवळ एक पुडीवाला बसायचा. बाहेरगावचा होता, स्वतःला डॉक्टर म्हणवायचा. राखाडी भुकटीच्या पुड्या, नाव नाही, गाव नाही. आईनं ती घेतली आणि दोन दिवसांत तिचा खांदा फुलासारखा हलका झाला. अर्धी नाही, पाव नाही, जीभ दाखवायची नाही, खाण्यापिण्याचं विचारायचं नाही. मागेल तितक्या पुड्या. महिने गेले आणि आईचा चेहरा भरायला लागला. गाल वर आले, डोळे बारीक झाले. ज्या गावानं दुष्काळ बघितला होता त्या गावात भरलेल्या गालांपुढं कुणाची शंका टिकणार? राहीबाई म्हणाली, "गया, तू तर पाटलीन दिसाय लागलीस!" एका बाईनं तर पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणून, पोर जरा अंगानं भरावी म्हणून, तिलाही पुड्या चालू केल्या. आणि मी, दोन बुकं शिकलेली, सुट्टीला आले आणि आईला बघून इतकी हरखले की तिला धाराशिवला नेऊन फोटो काढून आणला. आईचा आजवरचा तो एकच फोटो.

तुम्ही तिला बाजारात बघितलंत आणि भाजीची पिशवी तिथंच खाली ठेवलीत, असं राहीबाई अजून सांगते. "गयाबाई, काय खाता तुम्ही?" आईनं अभिमानानं पुडी दाखवली. तुम्ही ती रागानं फेकून द्याल असं तिला वाटलं होतं. तुम्ही हात जोडलेत. "एकदम थांबवू नका. उद्या माझ्याकडं या. आपण हळूहळू उतरू." आई गेली नाही. "डागदराला दुसऱ्याचा गुण बघवंना," एवढाच अर्थ तिनं काढला.

मग तो पुडीवाला एका बाजाराला आलाच नाही. त्यानंतरही नाही. आईच्या पुड्या संपल्या आणि ती आडवी झाली. वांत्या, डोळ्यांपुढं अंधारी, हात-पाय गार, उठवून बसवली तर घेरी. मी जळकोटला. राहीबाईनं आपली बैलगाडी जुंपली, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर आपल्या तांब्यातलं पाणी घोट घोट तिच्या तोंडात घालत तुमच्या दारात आणली.

मी पोचले तेव्हा सलाईन चालू होतं आणि तुम्ही खुर्चीत बसल्याबसल्या पेंगत होतात. मला बघून तुम्ही उठलात आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलंत. या गोळीत जे असतं ते माणसाचं शरीर आपलं आपणही थोडं थोडं तयार करत असतं. बाहेरून फार दिवस मिळायला लागलं की शरीर तयार करायचं सोडून देतं. मग बाहेरचं अचानक बंद झालं की माणूस कोसळतो. म्हणून आता पुन्हा तीच गोळी द्यायची आणि शरीराला जाग येईपर्यंत, महिनेच्या महिने, पायरी पायरीनं उतरवत न्यायची.

तुम्ही तेच केलंत. पुन्हा ब्लेड, पुन्हा अर्धी, पाव, पावाचीही अर्धी. पुन्हा जीभ दाखवा. आईचे गाल उतरले तसे गावाचे डोळे फिरले. गाव म्हणालं, बघा, मागितली तेव्हा दिली नाही आणि शेवटी तीच गोळी दिली. गाव म्हणालं, पुड्या खात होती तवा कशी गरगरीत होती, आता बघा. आणि गाव म्हणालं, पयल्यांदा सवय लावली कुणी? ह्यानंच की, दुष्काळात. तुमच्या दवाखान्याच्या बाकावर तेव्हा कुत्री झोपायची.

मी तणतणत तुमच्याकडं आले. चावडीवर उभं राहून सांगा म्हटलं, पुडीत काय होतं आणि कुणी विष घातलं. तुम्ही ब्लेड पुसत होतात.

"पुडीत काय होतं? मी दिली तीच गोळी, कुटून," तुम्ही म्हणालात. "विस्तव तोच. चुलीत घातला की भाकरी, छपरात घातला की राख. पण गयाबाईंना विस्तवाची ओळख मी करून दिली."

"तुम्ही चुलीत घातला होता ना!"

"घातला. पण गुणाची गोडी माझ्याच गोळीनं लागली. नसती लागली, तर वाळूनं शेकत बसल्या असत्या."

मी तुम्हाला भित्रे म्हटलं. होय, म्हटलं. तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण तुम्ही ब्लेड पुसत राहिलात. पुडी खाणाऱ्यांच्या घरोघरी मात्र सायकलीवरून गेलात. त्या लग्नाच्या पोरीच्या घरीही. कुणाला दटावलं नाहीत, कुणाचं नाव घेतलं नाहीत. "एकदम सोडू नका, माझ्यासंगं उतरा" एवढंच म्हणत फिरलात. ती पोर आज तिकडं ईट गावाला नांदते, दोन लेकरांची आई आहे. चावडीवर भाषण केलं असतंत तर मला बरं वाटलं असतं, पण त्या पोरीच्या आईनं अब्रूच्या भीतीनं दार उघडलं नसतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कारखान्याच्या माणसांचं आठवतं का? गाळप ऐन भरात आणि मोळ्या वाहणारे गडी कमरेत धरलेले. ते तुमच्याकडं आले आणि म्हणाले, डॉक्टरसाहेब, ती जोरातली गोळी द्या, उद्या माणूस उभा राहिला पाहिजे. कारखान्याचे डॉक्टर करतो म्हणाले. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, "हंगाम चार महिन्यांचा असतो हो, कंबर जन्माची." ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ज्या गड्याची नस खरंच दबली होती त्याला मात्र तुम्ही मोजून आठ-दहा दिवस तीच गोळी दिलीत आणि त्याच्या मुकादमाला दम भरलात की या दिवसांत याला मोळी उचलायला लावलीस तर बघ. म्हणजे तुम्हाला गोळीची भीती नव्हती. भीती होती ती गोळी घेऊन लगेच कामाला जुंपलेल्या माणसाची.

आमच्या घरी आलात की तुमची नजर भिंतीवरच्या त्या फोटोकडं जायची. गरगरीत चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची आई. "काढून टाका तो, गयाबाई, ते बाळसं नाही, पुडीचं दुखणं आहे," तुम्ही म्हणायचात. आई ऐकायची नाही. "असू द्या वं. जल्मात एकदाच म्या अशी दिसले." तुम्ही मान खाली घालून चहा प्यायचात. त्या फोटोनं तुम्हाला फार छळलं, हे मला गेल्या खेपेला कळलं.

त्या खेपेला तुम्ही स्वतः अंथरुणाला लागला होतात. पायांवर सूज, बोलताना दम. काकूंनी गोळी दिली, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. तुमचा एक गाल मला जरा वेगळा वाटला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "जीभ दाखवा."

तुम्ही लहान पोरासारखे माझ्याकडं बघत राहिलात. मग जीभ उचललीत. गोळी खाली होती! मी इतकी हसले की मला ठसका लागला, आणि तुम्हीही हसलात, दम लागेपर्यंत. "कडू आहे गं फार," तुम्ही म्हणालात. "गयाबाई एवढा वेळ धरून कशी ठेवायच्या?" मी पाणी पुढं केलं. तुम्ही गिळलीत आणि पुन्हा दाखवलीत. आणि मग, हसू ओठांवर तसंच असताना, तो प्रश्न विचारलात. पाठोपाठ काकू चहा घेऊन आल्या.

परवा तुमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी नाव ठेवलं ते सगळे आले होते, आणि तेच नाव आता नवसाच्या देवाचं घ्यावं तसं घेत होते. आई राहीबाईचा हात धरून आली. दोघी थकल्यात. बायका वाट देत गेल्या. आम्हाला वाटलं, ती तुमच्या पायाशी जाऊन डोकं टेकेल. ती पायाशी थांबलीच नाही, सरळ तुमच्या उशाशी गेली.

"जयभीम, डागदर," ती म्हणाली. तुम्ही तिला असंच म्हणायचात, म्हणून. "बघा आता."

आणि तिनं केस सोडले.

मागून कुणीतरी बोललंच, "बाई, मढ्याम्होरं केस सोडतेत व्हय?" राहीबाई वळून काही म्हणणार, तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "बांधू द्या त्यांना. ह्यांना बघायचं होतं."

आईचे दोन्ही हात वर गेले. डावा गेला, आणि उजवा गेला. कानाच्या वर, डोक्याच्या मागं, अडखळला नाही. भिंतीवर बोटं चढवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं, तुम्हीही नव्हतं. मला तिथं उभ्याउभ्या कळलं की ती इतकी वर्षं, कुणी नसताना, चढवत होती. पांढऱ्या केसांचा पीळ तिनं घातला, फिरवला, खोचला. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाली,

"सुमे, नीट बघून सांग त्येंला. तिरपा न्हाय ना झाला?"

मी मागून बघितलं. सरळ होता, डॉक्टर.